दोन गाड्या माती

जोसफीनबायला एका जागी स्वस्थ बसलेली मी चाळीस वर्षांत फारशी पाहिलेली नाही, पण या जानेवारीत तिचा जीव जो वरखाली चालला होता तो वेगळाच होता. सकाळी सहाला बांधावर, नऊला बांधावर, दुपारी ताटावरून अर्धवट उठून पुन्हा बांधावर. मध्येच आमच्या दारात येऊन उभी राहायची. "गं सुलक्षणा, आज तिथी कुठली?" असं विचारायची आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत निघून जायची. सुलक्षणा म्हणजे माझी बायको. मी जयवंत सावंत, मूळचा मालवणकडचा. विक्रोळीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली आणि रिटायर झालो. लग्नानंतर भाडं स्वस्त मिळालं म्हणून बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या या ख्रिस्ती गावात येऊन राहिलो, तो राहिलोच.

ख्रिस्ती बाई दिवसातून चारदा तिथी विचारते म्हटल्यावर नव्या माणसाला वाटतं, ही चोरून उपासतापास करते की काय. तसं काही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा हिशेब आहे. अष्टमी असेल तर सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावास्या-पुनवेला उधाण, पाणी पार बांधाच्या छातीपर्यंत. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्यात दम नसतो. बायच्या घरात येशूच्या तसबिरीशेजारी मराठी पंचांगाचं कॅलेंडर लटकलेलं असतं आणि दर वर्षी ते तिला सुलक्षणा आणून देते.

बायचं शेत सव्वा एकर. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एका जागी दगडी चौकट बसवून तिच्यात सागाच्या दोन फळ्या सोडलेल्या. तिला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात ओहोटीला फळ्या उचलायच्या म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत जातं; भरतीआधी खाली सोडायच्या म्हणजे खाडी आत येत नाही. एवढंच यंत्र. पण ते बिघडलं आणि खारं पाणी आत मुरलं, की पुढचे तीन-चार पावसाळे ती जमीन भात धरत नाही. आणि तीन-चार वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीचं बोरिवलीत काय होतं, ते मी सांगायला नको.

एके काळी गावात अशी चाळीस-पन्नास शेतं होती. आता हे एकच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग प्रत्येक घरात एकेक लोंबी जाते. आमच्याही घरी येते, गणपतीच्या फोटोला लावतो. आजूबाजूची गावं लोंब्या वसईहून विकत आणतात, आमच्या मात्र बायच्या शेतातल्या. त्याचा सगळ्या गावाला भलताच अभिमान आहे. अभिमान बाळगायला कुणाची कंबर मोडत नाही.

कंबर मोडते ती बांधाला. दर वर्षी कापणी झाली की नाताळाच्या आधी एक रविवार ठरवून घरटी एक माणूस बांधावर जायचा. खाडीतला चिखल फावड्यानं विटांसारखा कापायचा, रांग करून हातोहात पुढं द्यायचा आणि बांधावर थापायचा. बाहेरची माती चालत नाही, ती पहिल्याच उधाणात विरघळते. बायचा नवरा सेबॅस्टियन सगळ्यांना दम देऊन हे काम करून घ्यायचा आणि दुपारी सगळ्यांना जेवायला घालायचा. तो आठ वर्षांपूर्वी गेला. मग घरोघर सांगत बाय स्वतः फिरायला लागली. गेल्या वर्षी तिच्या सांगण्यावरून चार माणसं आली. मी त्या चारांत नव्हतो. गुडघा धरलाय म्हणून सांगितलं आणि टीव्हीवर मॅच बघत बसलो. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आता या वर्षीचं. नाताळच्या सकाळी सगळं गाव चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, गेलेलं असताना नऊ डंपर उत्तरेकडच्या लांबच्या रस्त्यानं वळसा घालून आले आणि बांधावर खाली झाले. माती नव्हती, कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीचं डेब्रिज होतं: टाइल्स, सळया, काँक्रीटची ढेकळं, फुटके कमोड. खाडीच्या चिखलात वाढणारी, तोडायला कायद्यानं बंदी असलेली पंचवीस-तीस तिवरांची झाडं त्याखाली गाडली गेली. नेमका उघाडीवरच ढीग पडून एक फळी मधोमध तडकली. तीन जानेवारीला पुनवेच्या उधाणाचं पाणी त्या फटीतून आत आलं आणि शेताच्या खालच्या तुकड्यातला वाल दोन दिवसांत करपला. अठरा तारखेला अमावास्या होती. त्या उधाणाच्या आत उघाडी मोकळी झाली नसती, तर सगळं शेत गेलं असतं.

गावानं अर्ज केला. अर्ज मीच लिहिला, माझं अक्षर बरं आहे म्हणून. 'अज्ञात इसमांनी' वगैरे. दीडशे सह्या झाल्या. बायची सही पहिली पाहिजे म्हणून कागद आधी तिच्याकडे नेला, तर म्हणाली, "आधी बाकीच्यांची घे." शेवटी केली ती स्वतःचंच नाव एकदा चुकवून, खोडून. मला वाटलं, वय झालं. माणसाला चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याविषयी सुचून सुचून किती सुचणार!

त्यात महापालिकेची निवडणूक आलेली. मतदान पंधराला, गुरुवारी. एरवी आमच्या तीनशे मतांसाठी होडीत बसून इकडे कोण येतंय! वॉर्डातली बाकी सगळी मतं पलीकडच्या टॉवरांत. पण डेब्रिजचे फोटो मोबाइलवर फिरले आणि तिघा उमेदवारांना एकदम आमच्या शेतीचा आणि तिवरांचा पुळका आला. मग गावानं ठरवलं की अकरा तारखेला, रविवारी, मिस्सानंतर तिघांनाही चर्चच्या हॉलमध्ये एकत्र बसवायचं आणि शेती, खार जमीन, तिवरं यांबद्दल त्यांचं म्हणणं काय ते समोरासमोर विचारायचं. सभेचा अध्यक्ष मी, कारण गावात कुणाचाच नातेवाईक नसलेला मी एकटाच. सात प्रश्न काढले, इस्त्रीचा शर्ट घातला.

त्या सकाळी साडेसातला बायनं मला बांधावर बोलावलं. थंडी होती. ती उघाडीच्या ढिगावर उभी होती, पायानं टाइल्सचे तुकडे उगाच इकडचे तिकडे करत.

"जयवंत, तुला एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "ही माती मी मागितली."

"काय?"

"दोन गाड्या. प्रीतमकडे. डिसेंबरात तो घरी आला होता ना, हात जोडत, मावशी काय काम असेल तर सांगा. मी म्हटलं, बांधाला दोन गाड्या माती टाकून दे. लाल माती, पायाच्या खोदकामातली. तो म्हणाला, नाताळला पाठवतो, भेट समजा."

प्रीतम म्हणजे तिघांतला वजनदार उमेदवार. त्याचा भाऊ मागच्या वेळी निवडून आलेला.

"अगं, पण बाहेरची माती बांधाला चालत नाय, हे तू आम्हाला शिकवलंस!"

"माहीत हाय मला." ती एकदम चिडली. "मला शिकवू नको. माहीत असून मागितली."

माझ्या डोळ्यांसमोर अर्ज, सह्या, अज्ञात इसम. मी तिला म्हटलं, "बाय, हे आता कुणाला बोलू नको. सगळ्यात शेवटी केस तुझ्यावरच येईल. तिवरं मारली म्हणून. प्रीतम हात वर करील, तुझ्याकडे तर कागदपण नाय. आणि आपला अर्ज गेला कचऱ्यात. गप राहा."

ती बांधाच्या त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग विचारलं, "आज अष्टमी ना?"

"हो."

"भांग. चार दिवस पाणी उघाडीला लागत नाय," असं स्वतःशीच म्हणून ती चर्चकडे चालायला लागली. मी मागून दोनदा हाक मारली, पण तिनं मागं पाहिलं नाही.

हॉल भरला होता. मी पहिला प्रश्न वाचला तेव्हा माझाच आवाज मला परका वाटत होता, कारण लक्ष सगळं बायकडे. ती पहिल्या रांगेत बसली, मग उठून खिडकीशी गेली, मग शेवटच्या रांगेत, मग परत पहिल्या.

प्रीतम बोलायला उभा राहिला. पांढरे शुभ्र कपडे, गळ्यात उपरणं. "गाव टिकलं पाहिजे आणि विकास पण झाला पाहिजे. खाडीवर पूल येईल, रस्ता येईल, तुमची भाजी दहा मिनिटांत बोरिवली मार्केटला जाईल. शेतकऱ्याला मी हात लावू देणार नाय. आणि हे जे डेब्रिज टाकलंय ना, हे आमच्या विरोधकांचं पाप आहे. निवडून आल्यावर एकेकाला शोधून काढतो." टाळ्या पडल्या. मी बायकडे पाहायचं टाळलं.

दुसरी चेतना. टॉवरमधली, शिकलेली, तिवरांवर खरोखर अभ्यास केलेली. तिच्याकडे नकाशा होता. तिवरांपासून पन्नास मीटर काहीही होता कामा नये, खाडीकाठानं लाकडी पायवाट करू, शाळेची मुलं पक्षी बघायला येतील, असं ती म्हणाली. बोलणं मनापासून होतं. फक्त तिच्या नकाशावर बायचं शेत हिरव्या पट्ट्यात गेलं होतं आणि त्यावर बगळ्याचं चित्र काढलं होतं. "शेती राहील ना?" असं मागून कुणीतरी विचारलं. "म्हणजे, पारंपरिक पद्धतीनं असेल तर बघता येईल," ती म्हणाली. "पण डेब्रिज टाकणाऱ्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. कोणीही असो."

तिसरा ऑस्टिन, आमच्याच गावचा, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. "जमीन आपली, निर्णय आपला," असं त्यानं टेबलावर हात आपटून सांगितलं. गावठाणातल्या घरांवर मजला चढवायची परवानगी, शेतावर पर्यटकांसाठी खोल्या बांधायची सवलत. "भातात काय मिळतं यार? आपल्या माणसाला चार पैसे मिळायला नको? आणि बाहेरच्यांनी येऊन आपल्या गावात कचरा टाकायचा? जो सापडेल त्याची धिंड काढू!" याला सगळ्यात जास्त टाळ्या.

तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की दोषीला सोडायचं नाही. मी घाईघाईनं दुसरा प्रश्न वाचायला घेतला आणि बाय उभी राहिली.

"बाय, प्रश्न शेवटी घेतो," मी म्हटलं. असं म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

"मला प्रश्न नाय," ती म्हणाली. "माती मी मागितली होती. दोन गाड्या. ह्या प्रीतमकडे. त्यानं माती सांगून हे पाठवलं, नऊ गाड्या. मी मिस्साला होते. पण मागितली मी, ते खरं हाय. अर्जावर अज्ञात लिहिलंय, ते मी नसताना लिहिलंय असं नाय, मला वाचून दाखवलं होतं. मी सही केली. खोटी सही केली."

प्रीतम अर्धवट हसला. "मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"तू बस खाली. तुझं नंतर." मग ती उमेदवारांकडे पाठ करून आमच्याकडे वळली, गावाकडे. "बाहेरची माती चालत नाय, हे मला सेबॅस्टियननं पन्नास वर्षांपूर्वी सांगितलंय. तरी मागितली. कारण ह्या वर्षी मला घरोघर जायचं नव्हतं. गेल्या वर्षी साठ घरं फिरले, चार माणसं आली. एकाचा गुडघा, एकाचा बर्थडे, एकाला होडी मिळाली नाय. आगेऱ्याला सगळे येता, पुढं उभं राहून फोटो काढता. मला पुन्हा तुमच्या दारात उभं राहायची लाज वाटली. म्हणून मी ह्याच्यासमोर हात पसरला. माझी चूक झाली. चूक केली आणि गप बसले, ती दुसरी."

गुडघा म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"अमावास्येला सात दिवस हायत. आजपासून चार दिवस भांग. पाणी उघाडीला लागत नाय तोवर ढीग उपसला आणि फळी बदलली तर शेत वाचेल. नायतर नाय. आता सांगा, कोण येतो?" आणि ती तिघा उमेदवारांकडे वळली. "तुम्ही पण सांगा."

प्रीतम म्हणाला की आचारसंहिता चालू आहे, त्याला इच्छा असूनही काही करता येत नाही. चेतना ओशाळली होती. म्हणाली, तिवरांच्या जागेत परवानगीशिवाय हात लावणं तिला योग्य वाटत नाही, उद्या अर्ज करते. ऑस्टिन म्हणाला, "आंटी, गुरुवार होऊ दे. शुक्रवारी निकाल लागला की शंभर पोरं घेऊन येतो, प्रॉमिस."

"शुक्रवारी पाणी चढायला लागतं रे," ती म्हणाली आणि चालू लागली.

माझ्या हातात अजून सहा प्रश्न होते. एक पर्यावरण आराखड्यावर, एक कचऱ्यावर, बाकीचे आता आठवतही नाहीत. मी कागद खिशात घातला आणि माइकवर सांगितलं की सभा संपली. सुलक्षणा माझ्या आधीच दाराशी पोचली होती. "तू त्या शर्टात येतलंस?" तिनं विचारलं. मी त्याच शर्टात गेलो.

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. दुसऱ्या दिवशी सव्वीस. गाव धावून आलं वगैरे मी लिहिणार नाही, कारण साठ घरांतली निम्मी घरं आलीच नाहीत, आणि आलेल्यांतले दोघे-तिघे बायशी एक शब्द बोलले नाहीत; तिच्या सहीमुळे आपली सही खोटी ठरली याचा त्यांना राग होता. रास्त होता. तरी घमेली हातोहात फिरत राहिली. चेतनाचा अर्ज झाला की नाही, देव जाणे, पण मंगळवारी प्रचार संपल्यावर ती एकटी आली. चप्पल काढून रांगेत उभी राहिली आणि हाताला टाइल लागून रक्त आलं तरी दोन तास घमेली देत होती. बुधवारी उघाडी मोकळी झाली. सेबॅस्टियननं करून ठेवलेली एक जादा फळी माळ्यावर होती, ती बसवली. मग ढासळलेल्या जागी खाडीचा चिखल थापला, विटांसारखा कापून. माझा गुडघा खरोखरच सुजला. आता तो कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

गुरुवारी सगळ्यांनी मतदान केलं. बायनं पण केलं. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. शुक्रवारी निकाल लागला. जे निवडून आलं ते अजून बांधावर आलेलं नाही, एवढंच सांगतो.

शनिवारी नोटीस आली. बाय बांधावर होती, म्हणून तिच्या वतीनं मीच घेतली. हॉलमधलं बायचं बोलणं कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं आणि ते जिथं पोचायचं तिथं पोचलं होतं. तिवरांच्या क्षेत्रात बेकायदा भराव टाकण्यास कारणीभूत झाल्याबद्दल जोसफीन सेबॅस्टियन यांनी समक्ष हजर राहून खुलासा करावा. नोटिशीत नाव एकाच माणसाचं होतं. मी सांगितलं होतं तसंच सगळं झालं, आणि माझं खरं ठरल्याचं मला काडीचंही समाधान वाटलं नाही.

ती नोटीस मी लगेच तिला दाखवली नाही. रविवारी अमावास्या. मिस्सा संपल्यावर पंधरा-वीस माणसं बांधावर जमली. बाराच्या सुमाराला पाणी चढत चढत फळीच्या वरच्या कडेला टेकलं. खालच्या कोपऱ्यातून झिरपत होतं, तिथं बायनं गोणपाट कोंबलं आणि त्यावर स्वतः पाय देऊन उभी राहिली. पाऊण तास. मग पाण्यावरचा एक प्लास्टिकचा डबा हळूच खाडीकडे सरकायला लागला आणि आम्हाला कळलं की पाणी फिरलं. वालाचा तुकडा गेला तो गेलाच, पण बाकी शेत कोरडं होतं.

तेव्हा मी खिशातून नोटीस काढून तिला वाचून दाखवली. या वेळी प्रत्येक शब्द नीट वाचला. ती गोणपाटावरचा पाय न हलवता ऐकत होती.

"कधी जायचंय?" तिनं विचारलं.

"नऊ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी अकरा. बाय, मी येतो तुझ्याबरोबर. वकील पण बघू."

"ते राहू दे. नऊला तिथी कुठली?"

मी मोबाइलमध्ये पाहिलं. "अष्टमी."

तिनं मनात पाऊणपट केली आणि मान हलवली. "मग जाईन. त्या दिवशी इथं कोणी उभं नाय राहिलं तरी चालतं."

"उभे राहू आम्ही," मी म्हटलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग गोणपाटावरून पाय काढला, बाजूला झाली आणि म्हणाली, "मग राहा. अजून पाणी हाय."

मी पाय ठेवला. पाणी बर्फासारखं गार होतं आणि गोणपाटाखालून चांगलंच जोर करत होतं.